झोपेच्या वेळेची सभा

"पाठीला लेकरू बांधून एक सरी शेंगा उपटून दाखवा, मग खोली मागा!"

माझी जाऊ बांधावरच्या खतवाल्या दुकानदाराला ऐकवत होती. पावसानं मध्येच दडी मारलेली, रान दगडासारखं झालेलं. भुईमुगाचा वेल ओढला की शेंगा मातीतच आणि नुसता पाला हातात. त्यात हा माणूस छत्री धरून सांगायला आला, की पोरांची खोली आता त्याच्या पोत्यांना मिळणार.

"अहो वहिनी, पोरं कचेरीमागच्या शेडात बसतील की."

"पंपाच्या इंजिनाशेजारी? तुमचा नातू बसवा तिथं."

"माझा नातू घरी असतो, आईपाशी."

"आणि आमच्या पोरांच्या आया बघा, या इथं वाकल्यात. तुमचंच खत टाकलेल्या रानात!"

दुकानदार गेला, पण जाता जाता म्हणाला, "अध्यक्षांनी शब्द दिलाय. उद्या सभेत हात वर झाले की संपलं."

रानात जाणाऱ्या बायांची पोरं दिवसभर ठेवायची गावची ती खोली म्हणजे काय फार मोठा वाडा नव्हे. एक खिडकी, पत्र्याला भोकं, कडी तुटली म्हणून दाराला सुतळी. भिंतीला पोरांच्या उंचीवर खिळे आणि ज्याचा रुमाल त्याच्या खिळ्याला. सगळं गाव जिला बाळमावशी म्हणतं, ती एकटी ही खोली सांभाळते. एकाला परसाकडे न्यावं तर दुसरं विहिरीकडे धावतं, म्हणून आम्ही जावा-जावा पाळीपाळीनं मजुरी बुडवून तिच्या हाताखाली जातो. दुसरी बाई द्या, पत्रा बदला, असं मावशी किती पावसाळे मागतेय. "बघू," म्हणतात. माझी लेक नुकती पावलं टाकायला लागलीय. त्या खिळ्यांमध्ये सगळ्यात खालचा तिचा. तो गेला तर मी रानात पाऊल टाकू शकत नाही, आणि रानात नाही गेले तर चुलीत काय घालू?

आमचे मामंजी गावचा कारभार बघणाऱ्या सभेचे सदस्य. अध्यक्षांनी हो म्हटलं की यांचं हो. रात्री जेवताना जावेनं विचारलंच, "मामंजी, उद्या हात वर करणार?"

"सभेतलं सभेत," म्हणून त्यांनी ताट सरकवलं. माझ्या लेकीकडे बघितलंसुद्धा नाही. ती झाल्यापासून त्यांनी तिला उचलून घेतलेलं मला आठवत नाही.

सभा भर दुपारी होती. अध्यक्षांचा आवाज असा, की ते नुसते खाकरले तरी वेशीवरचं कुत्रं उठतं. ते बोलायला उभे राहिले आणि दारातून मावशी आत आली. हातात जाड दोर, दोराला गाठी, एकेक गाठ धरून एकेक पोर. मागोमाग आम्ही बाया, तान्ही आमच्या कडेवर.

"हे काय खुराडं आणलंस इथं?" अध्यक्ष गरजले.

"झोपेची वेळ झाली. खोलीला तुम्ही सकाळीच नवी कडी ठोकून कुलूप घातलंत. मग झोपवू कुठं?"

तिनं सतरंज्या पसरल्यासुद्धा. त्या पुरल्या नाहीत. मग उरलेली पोरं तिनं सदस्यांच्या मांडीवर दिली, भाकरी वाढावी तशी. "एक हात मानेखाली. दुसऱ्यानं थोपटायचं. हात काढलात की उठेल, आणि एक उठलं की सगळी उठतात. मग मला बोलू नका."

अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. एक रडलं. त्याचं ऐकून दुसरं, आणि मग अख्खी कचेरी. बोलतंय कोण, ऐकतंय कोण! शेवटी अध्यक्षांनीच तोंडावर बोट ठेवलं.

बऱ्याच वेळानं पोरं निवली. सभा सुरू झाली, पण कुजबुजत. दुकानदार उठला आणि अध्यक्षांच्या कानाशी वाकून म्हणाला, "खोली मला द्यावी." ओरडून मागितली असती तर हक्काची वाटली असती. कुजबुजत मागितली तर कुंपणातून हात घालून चोरल्यासारखी वाटली. त्याची त्यालाच लाज वाटली असावी. कान लाल झाले.

"पोरं काय," अध्यक्ष हळूच म्हणाले, "तणासारखी कुठंही वाढतात."

"तण वाढतं," थोपटता थोपटता मावशी म्हणाली. "पीक वाढवावं लागतं. शेतकरी ना तुम्ही?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मांडीवरचं पोर हललं म्हणून लगेच गप्प झालं.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

अध्यक्षांचा हात वर. दुकानदाराच्या मेव्हण्यानं करून बघितला, तर त्याच्या मांडीवरचं चुळबुळलं. त्यानं हात घाईनं खाली घेतला. बाकीचे मांडीवरचं पोर थोपटत राहिले. अध्यक्षांची नजर आमच्या मामंजींवर येऊन थांबली.

"तुम्ही हो?"

"हात मोकळा नाही," मामंजी म्हणाले. "झोपलीय."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला तिथून दिसत होतं. त्यांच्या मांडीवर माझी लेक होती, आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. ती आजोबांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घालून मजेत चघळत होती. मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा ओढून तिच्या डोळ्यांवर सावली धरली आणि पुन्हा अध्यक्षांना म्हणाले, "गाढ झोपलीय."

ठराव पडला. कुलपाची किल्ली मावशीच्या हातात आली. ती घेऊन गप निघेल तर ती मावशी कसली!

"आता दुसऱ्या बाईचं आणि पत्र्याचं बोला."

"ते आमच्या हातात नाही गं बाई," अध्यक्ष काकुळतीला आले. अजून कुजबुजतच होते. "नेमणूक, पैसा, सगळं जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीतून येतं. नियमच तसे आहेत. एका खोलीला एकच बाई."

"नियम करणारे तिथं बसतात?"

"हो."

"त्यांची सभा कधी असते?"

"दुपारीच असते. का?"

मावशीनं दोर उचलला, गाठी चाचपल्या. जावेनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. शेजारच्या गावांतल्या खोल्याही आमच्यासारख्याच, त्यांचे पत्रेही गळके आणि त्यांच्या बायाही एकट्याच.

"तिथला हॉल केवढा आहे हो?" मावशीनं विचारलं. "सतरंज्या किती लागतील, त्याचा अंदाज घेतेय."