निर्धास्त वापरा

"ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना बाजारात, त्याला तुम्ही हातही लावायचा नाही," पथ्यबाई समोरच्या आजोबांना सांगत होती. "त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात. धडधाकट माणसाला ते चांगलं. पण तुमच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. मग ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं."

आजोबांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि दारातून मागे वळून विचारलं, "पण बाई, ज्याला हे ठाऊकच नाही, त्यानं काय करायचं?"

पथ्यबाई काहीतरी हसून उडवून लावणार होती, पण मध्येच थांबली. तिच्या डोळ्यांपुढे एक बाई उभी राहिली होती. गळ्यात शिंप्याची फीत, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर लोंबतोय, आणि चेहऱ्यावर पूर्ण विश्वास.

पथ्यबाई हे नाव तिला हॉस्पिटलातल्या नर्सांनी ठेवलेलं. जगाच्या ताटातली साखर काढणारी ही बाई स्वतःच्या चहात दोन चमचे घालते, असं त्या तिच्या तोंडावर म्हणत आणि तीही ते हसून घेई. पण कामात ती कडक होती. तिचा एक नियम होता. कोणी काहीही विचारलं, की उत्तराआधी उलट प्रश्न टाकायचा, "खाणार कोण आहे?" हाताखालच्या शिकाऊ मुली तिची नक्कल करत, ती याच प्रश्नाची.

दोन आठवड्यांपूर्वी तिला एका शिवणकारखान्यात बोलावलं होतं. रोजचं चांगलं जेवण कसं असावं, यावर बोलायला. जेवणाच्या सुट्टीत बायका बाकांवर बसून ऐकत होत्या. रोज एक फळ खा, केळं सगळ्यांत सोपं. पालेभाजी हवीच. टोमॅटो, बटाटा, डाळी, काही वर्ज्य नाही. मीठ मात्र कमी करा, आणि अळणी सोसत नसेल तर कमी सोडियमचं आणा. बायका हसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या, सगळं झकास चाललं होतं. मग भोंगा झाला. सगळ्या उठल्या, आणि त्या गलक्यात कॉलर शिवणारी ती बाई पुढे आली होती.

"आमच्या ह्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. पाय सुजतात त्यांचे. हे मीठ चालेल ना?"

पथ्यबाई तेव्हा आपला प्रोजेक्टर पिशवीत कोंबत होती. "चालेल की. निर्धास्त वापरा," ती म्हणाली होती. खाणार कोण आहे, हे तिने विचारलं नव्हतं. पाय का सुजतात, हेही नाही.

आजोबा गेल्यावर तिने दार लोटून घेतलं. सूज काय, उभं राहून काम केल्यानेही येते, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण डॉक्टर उगाच कोणाचं मीठ तोडत नाहीत. तिने कारखान्याच्या मुकादमीणबाईंना फोन लावला.

"कॉलरवाली होय? चष्म्याला दोरी? आज नाही आली ती. नवऱ्याला बरं नाहीये. अशक्तपणा आलाय म्हणे."

"तिचा नंबर द्या. आणि पत्ता."

नंबरवर नुसती रिंग वाजत राहिली. पथ्यबाई तशीच गाडीत बसली. गाडी चालवता चालवता तिने किडनीच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जरा जरी शंका आली तरी उचलून घेऊन या. खायला-प्यायला काही देऊ नका."

सिग्नलला थांबल्यावर तिला आपलंच भाषण आठवू लागलं, आणि एकेका शब्दागणिक तिचं धाबं दणाणत गेलं. केळं. पालेभाजी. टोमॅटो. बटाटा. एकूण एक पोटॅशियमने भरलेलं, आणि वर ते मीठ. एखाद्याला मारायचं म्हणून ताट वाढायला सांगितलं असतं, तरी तिने याहून वेगळं काय सांगितलं असतं? जी बाई ऐकणार नाही तिचा नवरा वाचेल, असं तिच्या मनात आलं. कॉलरवालीने आळस केलेला असू दे, असं ती आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी बाबतीत मागत होती.

पत्ता एका लाँड्रीच्या वरचा निघाला. जिना अरुंद, भिंती इस्त्रीच्या वाफेने ओलसर. दार उघडंच होतं.

"अगं बाई, तुम्ही?" कॉलरवालीचा चेहरा उजळला. "अहो, ऐकलंत का, डाएटवाल्या बाई आल्यात. मी सांगत होते ना तुम्हाला, त्याच."

आळस कसला? स्वयंपाकघर नजरेस पडताच पथ्यबाईचं उरलंसुरलं अवसान गळालं. ओट्यावर केळ्यांचा घड होता. पातेल्यात पालकाचं सूप होतं. आणि शेगडीशेजारी, रोज हाताशी लागतं तिथे, ते मीठ.

"तुम्ही सांगितलंत तसं सगळं करते हो," कॉलरवाली म्हणाली. "चार दिवस झाले, अंगातली ताकदच गेलीय त्यांच्या. म्हणून आता सूप दोन वेळा देते."

नवरा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. "पाय माझे राहिलेच नाहीत बघा," तो ओशाळून म्हणाला. "पण हिच्या हातचं खाऊन खाऊन बरा होईन. हिने माझ्यासाठी स्वतःचं जेवणसुद्धा तसंच केलंय."

"तुम्हाला किडनीचा त्रास आहे?"

"आहे थोडा. डॉक्टर म्हणाले, जपून राहा. मी जपतोच आहे की."

पथ्यबाईने त्याचं मनगट धरलं. एक ठोका लागला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. ती डॉक्टर नव्हती, पण एवढं तिलाही कळत होतं. ती भयंकर घाबरली, आणि घाबरलेलं दिसू नये म्हणून उगाच मोठ्याने बोलू लागली. "चला, हॉस्पिटलात जाऊ या. आत्ताच. सूप राहू द्या."

लाँड्रीवाल्याने आणि त्याच्या भावाने कॉलरवालीच्या नवऱ्याला खुर्चीसकट खाली उतरवलं. आवाज ऐकून शेजारच्या काकू कठड्याला धरून बाहेर आल्या. "तू जा गं, घराकडे मी बघते," त्या कॉलरवालीला म्हणाल्या. पथ्यबाई त्यांच्या अंगावरून घाईने खाली गेली. सपाता काकूंच्या सुजलेल्या पायांत रुतल्या होत्या, हे तिला दिसलं, पण तेव्हा ते लक्षात घ्यायला सवड कोणाला होती?

हॉस्पिटलात त्याला सरळ आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघी बसून राहिल्या. पथ्यबाई आजवर या बाकावर कधी बसली नव्हती, नुसती समोरून गेली होती. दार उघडलं की दोघी उठून उभ्या राहत. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा किडनीचे डॉक्टर बाहेर आले.

"पोटॅशियम खूपच चढलं होतं. औषधांनी उतरतंय. ठोके सुधारलेत. उद्यापर्यंत थांबला असतात, तर मला काही करता आलं नसतं."

कॉलरवालीने पथ्यबाईचे दोन्ही हात धरले. "देवासारख्या धावून आलात. तुम्हाला कसं कळलं?"

इथे गप्प बसता आलं असतं. डॉक्टरही काही बोलले नसते. त्या हातांतून आपले हात सोडवून घेताना पथ्यबाईला बोलायची जितकी भीती वाटली, तितकी जिन्यावरही वाटली नव्हती.

"ते मीठ," ती म्हणाली. "किडनीच्या माणसाला ते विष आहे. तुम्ही मला विचारलंत, आणि मी काही न विचारता हो म्हणाले. चूक माझी आहे. तुमची काही नाही."

कॉलरवालीने आधी चष्मा डोळ्यांवर चढवला, मग काढला. रडली नाही, भांडलीही नाही.

"पानात मीच वाढत होते," ती हळूच म्हणाली. "अळणी लागतंय म्हणाले, की वरून आणखी घालत होते." मग ती झटकन पथ्यबाईकडे वळली. तिच्या चेहऱ्याचा रंग पार उतरला.

"काय झालं?"

"काकूंनासुद्धा दिलंय मी. बरणी भरून. त्या घेत नव्हत्या, पण मी म्हटलं, डाएटवाल्या बाईंनी स्वतः सांगितलंय, निर्धास्त वापरा."

त्या रुतलेल्या सपाता आता पथ्यबाईला लख्ख दिसल्या. ती उठून उभी राहिली. "काकूंना काय आजार आहे?"

"काय माहीत. पाय सुजतात, एवढं ठाऊक होतं," कॉलरवाली म्हणाली. "मीसुद्धा विचारलं नाही." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "एकट्याच असतात हो त्या. दिवेलागणीलाच जेवून घेतात."