गोड्या पाण्यातला शाप

दार्मीच्या अंगणात त्या सकाळी पाऊल ठेवायला जागा नव्हती. शोभेचे मासे विकायला ठेवलेल्या काचेच्या टाक्यांभोवती अख्खं गाव लोटलं होतं आणि मधोमध बुदाना मांत्रिक मांडी ठोकून बसला होता. त्याला सगळे 'जेरो' म्हणायचे. उत्तर बालीच्या किनाऱ्यावर हा मान सहज मिळतो आणि काढून घ्यायची कोणाची छाती होत नाही.

जेरोसमोर पांढऱ्या वाडग्यात तीर्थ होतं. दार्मीच्या नवऱ्याने, सुआर्नाने, टाकीतला एक एंजल मासा जाळीने उचलून त्यात सोडला. निळं अंग, त्यावर पिवळे पट्टे. पण डोळ्यांवर साय धरलेली आणि कल्ले भात्यासारखे चालू. आठवडाभर तो दगडावर अंग घासत होता.

"समुद्राच्या लेकरा, घाबरू नको," जेरो गरजला. "तुझ्या अंगावर काळ्या नजरेची खपली बसलीय. जा म्हणावं तिला, सातव्या पाताळात जा!"

मागच्या खेपेला ते नववं पाताळ होतं.

उदबत्ती दोन बोटं जळली आणि माशाच्या अंगावरून पांढरे तुकडे सुटू लागले. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथून खवले गळावेत तसे ते तळाशी बसले. बायांनी हात जोडले.

"ही करणी," जेरो वाडगं फिरवत म्हणाला. "आणि करणारी लांबची नाही."

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. पलीकडे मेन सुद्री राहायची. मेन सुद्री म्हणजे सुद्रीची आई. लेकीच्याच नावाने गाव तिला हाक मारी. तिचा नवरा याच माशांसाठी हवेची नळी तोंडात धरून समुद्रात उतरायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला वर ओढलं तेव्हा तो मेलेलाच होता. तेव्हापासून म्हातारी रोज येऊन टाक्यांसमोर स्टुलावर गुपचूप बसे.

"टाकीत रोज कोण बघतं?" असं जेरोने पहिल्या खेपेलाच विचारलं होतं, आणि दार्मीने नाव सांगून टाकलं होतं. आता तिला त्याची लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. म्हातारीचा निवाडा करायला पौर्णिमेला पंचायत बसायची होती. वाळीत टाकलं की म्हातारीशी कोणी बोलणार नव्हतं, आणि मेल्यावर गावच्या मसणवट्यात नवऱ्याशेजारी तिला जागा मिळणार नव्हती.

दुखणं मात्र दर आठ-दहा दिवसांनी परत यायचं. "म्हातारी जबरी आहे," असं म्हणून जेरोही परत यायचा.

ते वाडगं चव्हाट्यावर ओतायचं काम दार्मीचं. त्या दिवशी तिने ओतण्याआधी एक तुकडा केळीच्या पानात गुंडाळला आणि शाळा गाठली. विज्ञान शिकवणाऱ्या अस्तिती बाईंनी तो भिंगाखाली धरला.

"बघ. खवला वाटतो?"

दार्मीने डोळा लावला. "याला खाली धरायला वाटीसारखं काहीतरी आहे. बाई, हा किडा आहे."

"चपटा किडा. माशाच्या अंगावर असतो तेव्हा काचेसारखा आरपार, म्हणून दिसत नाही. गोड्या पाण्यात गेला की पांढरा पडतो आणि पकड सुटते."

"पण ते तर तीर्थ होतं."

"चाखून पाहिलंस कधी?"

या किनाऱ्यावर पोर चालायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं: समुद्राच्या माशाला गोडं पाणी लागलं की तो मेला. टाकीजवळ कोणी विहिरीच्या पाण्याचे ओले हातही नेत नाही. त्यामुळे मासा गोड्या पाण्यात पाच मिनिटं तग धरतो, हे करून बघायला कोणी धजलंच नव्हतं. बुदाना धजला, एवढीच त्याची सिद्धी.

"मग दुखणं परत का येतं?"

"हातजाळ्या किती आहेत तुझ्याकडे?"

"एकच."

"तिला या किड्याची अंडी चिकटतात. टाकीतही असतात, आणि गोड्या पाण्याने ती मरत नाहीत. बरा झालेला मासा तू पुन्हा त्याच टाकीत सोडतेस."

पौर्णिमेला दार्मी दोन वाडगी आणि दोन आजारी मासे घेऊन पंचायतीच्या मंडपात गेली. सुआर्ना वाटेत अडवत होता. "अगं, मासा मेला तर?"

"मेला तर मेला, ब्ली." तिकडे बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात. "म्हातारी अजून जिवंत आहे."

पहिल्या वाडग्यात एक मासा सोडून ते तिने जेरोपुढे ठेवलं. "हे समुद्राचं पाणी. तुमचे मंत्र यात म्हणा, हवे तेवढे."

चारचौघांत नाही म्हणायची सोय नव्हती. उदबत्ती दोन बोटं जळली, मग चार. जेरोला घाम फुटला. वाडग्याचा तळ स्वच्छच राहिला.

दुसऱ्या वाडग्यात शाळेच्या विहिरीचं पाणी होतं. गावप्रमुखाने ते स्वतः शेंदलं होतं, चाखलंही होतं. दार्मीने दुसरा मासा त्यात सोडला आणि ती कुठलाही मंत्र न म्हणता नुसती बसली. पाच मिनिटांत तळाशी पांढरे तुकडे जमले. भिंग हातोहात फिरलं.

"माझ्या मंत्राचा अंमल हवेत असतो," जेरो म्हणाला.

"पहिल्या वाडग्यावर हवा नव्हती का, जेरो?" मागून कोणीतरी विचारलं, आणि मंडप हसला. दार्मीला हसू आलं नाही. सकाळपर्यंत हीच तोंडं म्हातारीला हाकलायला निघाली होती, आणि तिचं स्वतःचं तोंड त्यांच्यात पहिलं होतं.

म्हातारीला वाळीत टाकायचा विषय सोडून पंचायत उठली. सगळे मासे गोड्या पाण्यात बुडवून वेगळे ठेवले, टाक्या रिकाम्या करून घासल्या, उन्हात कडक वाळवल्या. प्रत्येक टाकीला वेगळी जाळी आली. आठवड्याने माशांना पुन्हा गोड्या पाण्यात बुडवलं. तरी दोन मासे गेलेच. उरलेल्यांचे डोळे हळूहळू निवळले.

मग दार्मी कुंपणापलीकडे गेली. मेन सुद्री केळी सोलत होती.

"मेन, तुमचं नाव मीच घेतलं होतं."

"ठाऊक आहे. कुंपणातून सगळं ऐकू येतं."

"तुम्ही रोज काय बघायचात?"

"त्याला वर ओढलं तेव्हा त्याच्या पिशवीतले मासे जिवंत होते. पिवळ्या पट्ट्यांचे. ते तुम्ही विकलेत. तसे दिसतात का, ते बघायचे."

दार्मी तिच्याजवळ बसून केळी सोलू लागली.

"पुन्हा कधी मासा आजारी पडला, तर आधी मासा बघ," म्हातारी म्हणाली. "मग पाणी बघ, जाळी बघ, बाईंना विचार. एवढं करूनही नाही कळलं, तर नाही कळलं म्हण. त्यात लाज नाही. पण माणसाचं नाव घेऊ नको."

दार्मीने टाक्यांसमोरचं तिचं स्टूल अजून हलवलेलं नाही. म्हातारी त्यावर पुन्हा येऊन बसली नाही.