शेवटचं कोण?

संगणक क्लबच्या दारात पाऊल टाकताच नेरेइदाबाईंनी वर्गातल्या खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटचं कोण?"

सिएनफुएगोस शहरात रांगेत ताटकळत उभं राहण्याचा मूर्खपणा कोणी करत नाही. शेवटचं कोण ते विचारायचं, तो चेहरा ध्यानात ठेवायचा आणि सावली बघून बसायचं. भिंतीला टेकलेल्या बासिलिओने मरगळलेला हात वर केला.

"मी, बाई. पण आज माझं मन थाऱ्यावर नाही. काल डॉमिनोत नव्याण्णवावर हरलो. जिंकायला शंभर पॉइंट लागतात, एकच कमी पडला! आमची बायकोसुद्धा फिदीफिदी हसली."

बाई तोंडदेखलं चुकचुकल्या. त्यांना स्वतःचीच काळजी पुरून उरली होती. उभा जन्म त्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गाला बीजगणित शिकवलं होतं, आणि आता वरून हुकूम आला होता की आकड्यांऐवजी अक्षरांशी हिशेब करणारी संगणकाची भाषा ज्याला येईल, त्यालाच तो वर्ग मिळेल. बाकीच्यांनी ग्रंथालय सांभाळायचं. त्या ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा वाळवी जास्त. आज त्या भाषेची परीक्षा होती.

आणि परीक्षक कोण, तर क्लबात ही भाषा शिकवणारा ओस्निएल! याच पोराला बाईंनी बीजगणितात नापास केलं होतं. वर भर वर्गात म्हणाल्या होत्या, "तुझ्या डोक्यात नुसता वारा भरलाय." तो आता उट्टं काढेल अशी भीती त्यांना नव्हती. तो दया दाखवेल, या विचाराने मात्र त्यांची झोप उडाली होती. दयेने मिळालेल्या वर्गापुढे उभं राहायचं कुठल्या तोंडाने?

पहिल्याच दिवशी बाईंचं आणि त्या भाषेचं वाजलं होतं. त्यांनी 'अ अधिक ब' असं लिहिलं, तर संगणकाने उत्तर दिलं, 'अ अधिक ब'.

"हे काय उत्तर झालं? माझंच वाक्य मला परत! असा विद्यार्थी मी बाकावर उभा केला असता."

"बाई, अ कोण ते तुम्ही सांगितलंच नाही," ओस्निएल हळूच म्हणाला होता. "ज्याची किंमत माहीत नाही, ते अक्षर हा तसंच ठेवतो. उगाच मनाने काही धरत नाही."

बाई गुरगुरल्या होत्या, पण गोष्ट त्यांना मनापासून पटली होती. मग त्या शिकल्या. घरी कॉफी उतू गेली, भात करपला, पण शिकल्या.

यथावकाश बासिलिओची पाळी आली आणि त्याचा सराव संपला. तो उसासा टाकत उठला आणि बाई त्याच्या जागेवर बसल्या. या क्लबात संगणक मध्येच कोणी बंद करत नाही. एकदा बंद केला की तो पुन्हा जागा होईपर्यंत माणूस म्हातारा होतो.

प्रश्न सोपा होता. बेरजेच्या वर्गाचा विस्तार करणारा नियम स्वतः लिहायचा आणि तो 'क्ष अधिक एक'च्या वर्गाला लावून दाखवायचा. बाईंनी नियम लिहिला, कंस तपासले, कळ दाबली. पडद्यावर उत्तर आलं, दहा हजार.

बाई पडद्याजवळ सरकल्या. क्षचा वर्ग कुठे गेला? दोन क्ष कुठे गेले? त्यांनी नियम पुसून पुन्हा लिहिला. पुन्हा दहा हजार. मागे ओस्निएलची चुळबुळ चालू होती. शेवटी न राहवून तो वाकला. "बाई, जरा..."

"परीक्षेत कुजबुज? वर्गाबाहेर काढीन!"

ओस्निएल जुन्या सवयीने ताठ झाला आणि त्याने तोंड मिटलं. बाईंच्या डोळ्यांपुढे मात्र ग्रंथालयातली वाळवी दिसत होती. पण चुकलेलं उत्तर आलं कुठून, हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी कोणाची वही परत दिली नव्हती. दहा हजार म्हणजे शंभराचा वर्ग. शंभर म्हणजे क्ष अधिक एक. मग क्ष झाला नव्याण्णव.

नव्याण्णव!

"बासिलिओ!" सगळा क्लब दचकला. "माझ्या आधी शेवटचे तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"क्षमध्ये काय ठेवून उठलात?"

बासिलिओने मान खाली घातली. "कालचे पॉइंट. म्हटलं बघावं, आणखी एक मिळाला असता तर किती झाले असते."

"शंभर झाले असते! त्याला संगणक कशाला लागतो, भल्या माणसा?"

क्लब हसून लोटपोट झाला. बाईंनी क्ष रिकामा केला आणि कळ दाबली. क्षचा वर्ग, दोन क्ष आणि एक अशी तिन्ही पदं पडद्यावर नीट मांडून आली. नियमात चूक नव्हतीच. बाईंनी स्वतःच टाळी वाजवली.

ओस्निएलने कागदावर आकडा लिहिला. नव्वद.

"पास झालात, बाई. वर्ग तुमचाच."

"दहा कुठे गेले?"

तो चाचरला, पण हटला नाही. "आधी फळा पुसायचा, मग लिहायचं. वर्गात शिरल्या शिरल्या तुम्हीच सांगायचात ना?"

बाईंनी त्याला नीट निरखलं. यात उट्टं नव्हतं आणि दयाही नव्हती. समोर एक मास्तर उभा होता, चुकीसाठी गुण कापणारा. वर्ग मिळाल्याइतकाच त्यांना याचा आनंद झाला.

"ओस्निएल," त्या म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात वारा नव्हता रे. माझंच चुकलं."

तो कानापर्यंत लाल झाला. "होता थोडासा, बाई."

तेवढ्यात दारातून एक तरुण शिक्षिका धापा टाकत आत आली. "शेवटचं कोण?"

नेरेइदाबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. आपण लिहिलेलं सगळं एकेक करून त्यांनी पुसलं आणि मगच हात वर केला.

"मी. ये, बस खुशाल. फळा पुसलेला आहे."