मी वळसा घालूनच जाणार

खाली बघा, खाली. हो, मीच बोलतोय, तुमच्या पायाखालचा खडीचा रस्ता. डांबरी रस्त्याला कुणाशी बोलायला फुरसत नसते, मला आहे. आणि आज मी गप्प बसणार नाही. मला बंद करायचं ठरलंय म्हणे! ठरवणाऱ्यांपैकी एकाच्याही बुटाला माझी धूळ लागलेली नाही.

माझा जन्म लाकडासाठी झाला. जंगलात तोडलेलं लाकूड बाहेर काढायला गाड्यांना वाट हवी होती. एक बुटका, तापट मुकादम आला आणि त्याच्याबरोबर दगड फोडणाऱ्या बायामाणसांची टोळी आली. खाली मोठे दगड, वर बारीक खडी, त्यावर मुरूम, पाण्याचा शिडकावा आणि मग अंगावरून रोलर. मी बोंब ठोकली असती, पण तोंडात मुरूम भरलेला होता.

मोठ्या तळ्यापाशी त्यांनी मला आधी सरळच न्यायला घेतलं होतं. संध्याकाळी खडी टाकली आणि सकाळी येऊन बघतात तर खडी गायब, चिखलाने गिळलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुकादमाने तळ्याला मनसोक्त शिव्या घातल्या, डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाला, "चला, वळसा घाला. याच्या नादी लागून म्हातारं व्हायचंय का?" तेव्हापासून मी तळ्याला वळसा घालतो. लांब पडतो, मान्य आहे. पण माझ्यावर पाय ठेवलेला माणूस आजवर बुडालेला नाही.

पुढे लाकूडतोड थांबली. टेकडीपलीकडून डांबरी रस्ता झाला आणि सगळे तिकडे पळाले. माझ्या मधोमध गवत उगवलं. कडेच्या झाडांनी फांद्या खाली सोडल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं, खूप वाटलं. पण रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही आणि दोन बायकांनी मला तशी सवडही दिली नाही.

या दोघी म्हणजे तळ्यावरच्या नणंद-भावजय. तळी त्यांच्या घरची, त्यात मासे वाढवतात. दोघींचेही नवरे गेले, आता घरात दोघीच, आणि भांडण ही तिसरी. मासळी पाण्याच्या टबात घालायची, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि हातगाडी ढकलत माझ्यावरून बाजार गाठायचा. मासळी जिवंत पोचली तरच गिऱ्हाईक हात लावतं. डांबरी रस्त्याने जायचं तर दुप्पट अंतर आणि डोक्यावर ऊन, टबातले निम्मे मासे वाटेतच पोट वर करतात. म्हणजे मी बंद झालो तर तळी बंद, आणि तळी बंद झाली की या दोघींना घर सोडून कुणाच्या तरी दारी जावं लागणार. एवढं साधं आहे ते.

"वहिनी, जरा जोर लावा की! गाडीला टेकून झोपलात काय?" नणंद ओरडते.

"वन्सं, तुम्ही तोंडाला लावता तेवढा जोर हाताला लावलात तर गाडी एकटी जाईल," भावजय म्हणते.

हे ऐकत ऐकत माझे दिवस बरे चालले होते.

मग सायकलवाले आले. जाड, खरबरीत टायरांच्या सायकली, डोक्यावर टोप्या, पाठीवर पाण्याच्या पिशव्या. ही मंडळी चांगला गुळगुळीत रस्ता सोडून खडबडीत रस्ता हुडकत हिंडतात! मी तर चाटच पडलो. जंगल बघून थांबतात, तळ्यात पडलेलं आभाळ बघून थांबतात, चढ लागला की फोटो काढायचाय म्हणून थांबतात. बायकोचा फोटो एक काढतील, झाडाला टेकवलेल्या सायकलचे दहा. पण अंगावर माझी धूळ उडाली की खदाखदा हसतात, आणि माझ्यावरून जाताना कुणी हसलेलं मला त्याआधी ठाऊक नव्हतं. जीव जडला माझा.

त्यांच्यात एक होती, तिला सगळे नकाशावाली म्हणायचे. ती नव्या वाटा शोधून फोनमध्ये उतरवायची आणि बाकीचे डोळे मिटून तिच्यामागे यायचे. ती पहिल्यांदा आली ती नेमकी थंडीत. थंडीत या दोघी मोठं तळं रिकामं करतात. बांधातल्या मोरीची फळी काढायची, पाणी सोडायचं, मासे धरायचे आणि तळ उन्हात तापू द्यायचा. तळ वाळून टणक झाला होता. नकाशावाली वळणावर उभी राहून इकडेतिकडे बघत होती. दोघी तळाच्या मधोमध जाळी आवरत होत्या, कामाची घाई होती आणि आणखी दोन हात मिळाले तर हवेच होते.

"अगं, तिकडून कशाला वळसा घालतेस? ये की अशी सरळ!" भावजयीने हाक मारली.

ती पोरगी आली सरळ. जाळी उचलायला हात लावला, चहा प्यायली आणि पलीकडच्या काठाने वर निघून गेली. फोनने ती रेघ गुपचूप टिपून घेतली. तळ्याच्या पोटातून रस्ता निघाला! तिला वाटलं, ही इथली नेहमीची वाट. तळं दरवर्षी पुन्हा भरतं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि हाकेची रेघ होते हे या दोघींच्या गावीही नव्हतं.

पाऊसकाळ झाला, तळं काठोकाठ भरलं आणि सायकलवाल्यांचा तांडा आला. वळणावर मी समोर पसरलेलो, ढळढळीत दिसत होतो. पण फोन म्हणाला सरळ. पाण्यावर झाडांची पानं साचली होती, हिरवा तवंग होता. पहिला गडी उतारावरून सुसाट गेला आणि छातीभर पाण्यात बसला. मनगट मोडलं बिचाऱ्याचं. नणंदेने गळ टाकायच्या काठीने त्याला ओढून काढला आणि वर ऐकवलंही, "अहो, डोळे काय घरी ठेवून आलात?"

झालं! तक्रार गेली, जंगलखात्याचे साहेब आले आणि शिक्का बसला: हा रस्ता धोकादायक आहे, बंद करावा, उखडून त्यावर झाडं लावावीत. अहो साहेब, तो माणूस मला सोडून गेला म्हणून पडला! माझ्यावर राहिला असता तर कोरडा घरी गेला असता. पण रस्त्याची साक्ष कोण काढतो? बाजाराकडच्या तोंडाला एक भलाथोरला ओंडका आडवा टाकला आणि पाटी ठोकली.

"साहेब, आमची गाडी कुठून न्यायची?" भावजयीने विचारलं.

"बाई, या रस्त्याला वापर कुठाय? वापर दिसला असता तर विचार केला असता. उखडायला माणसं येतील तोवर हा असाच राहील."

आधी ओंडका टाकायचा आणि मग वापर कुठाय म्हणून विचारायचं. असली अक्कल मी लाकडाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांतही पाहिली नव्हती.

नकाशावाली दुसऱ्याच दिवशी आली. चेहरा एवढासा झाला होता. "काकू, चूक माझी. मी फोनमधली ती वाट पुसली, वळशाने नवी काढलीय. पण तुमचं हे असं झालं…"

"तुझी निम्मी गं. निम्मी माझी, हाक मीच मारली ना," भावजय म्हणाली.

"आणि माझी काहीच नाही!" नणंद घाईने म्हणाली. "आता रडगाणं पुरे. मासे टबात आहेत. हा ओंडका हलेल का?"

ओंडका हलला नाही. मग नकाशावालीने फोन केले आणि सायकलवाले आले. मनगटाला प्लास्टर घातलेलाही आला. त्यांनी आपापल्या सायकली खांद्यावर घेऊन ओंडका ओलांडला, आणि मग सगळ्यांनी मिळून हातगाडी उचलली, टबांसकट, पाण्यासकट, माशांसकट. प्लास्टरवाल्याला उचलता येईना, तर तो नुसताच "हं, डावीकडून, डावीकडून" करत होता. गाडी बरोबर ओंडक्याच्या वर असताना साहेबांची जीप आली.

"हे काय चाललंय?" साहेब कडाडले.

"वापर," नणंद म्हणाली.

साहेब तावातावाने गाडीजवळ आले. टबातल्या एका माशाने शेपूट आपटली आणि त्यांचा शर्ट भिजवला. गाडी पलीकडे उतरली आणि मासळी जिवंत बाजारात पोचली.

साहेबांनी ओंडका काढलेला नाही. वर विचारलंय, उत्तर आल्यावर बघू म्हणतात. मला उखडायला मात्र कुणी फिरकलेलं नाही, कारण दर बाजाराच्या दिवशी सायकलवाले येतात, गाडी उचलतात आणि पुढे वळशाने जंगलात शिरतात. दोघी अजून आपल्याच घरात आहेत आणि अजून भांडतात.

तेव्हा माझ्यासाठी हळहळू नका आणि माझा निरोपही घेऊ नका. यायचं असेल तर जाड टायर लावून या, फोन खिशात ठेवा आणि गाडीला हात लावा. वरून उत्तर कधी यायचं ते येवो. तोवर ओंडका आणि मी इथेच पडून आहोत. तो लाकडाचा आहे, मी दगडाचा. बघू आधी कोण कुजतंय.