टटलच्या गावातला सामना

माझ्या बहिणीचं, ओडेसाचं लग्न झालं त्याच वर्षी तिच्या नवऱ्याची बोटं मोडली. तो, अँब्रोझ, आमच्या काळ्या खेळाडूंच्या बेसबॉल संघात चेंडू झेलायचा. जॉर्जियातल्या एका गावात तो टटल नावाच्या गोऱ्याच्या विहिरीवर पाणी प्यायला, तर टटलने त्याच्या हातावर लोखंडी कांब घातली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावाशी सामना होता. गोऱ्यांच्या गावात आम्ही जपून खेळायचो. फार हरवलं तर पुन्हा बोलावणं येत नसे. टटल त्यांचा तगडा फलंदाज.

"लूशस, बाबा, एखादा मारू दे त्याला," कप्तान माझ्या भावाला म्हणाले; आमच्याकडून चेंडू तोच फेकायचा. "पुढच्या वर्षी खायचं काय?"

"मी उपाशी राहीन, कप्तान."

लूशस चेंडू फेकण्याआधी सांगायचा, "साहेब, सरळ येतोय हं." तरी टटलची बॅट हवेतच फिरायची. शेवटी झोक जाऊन तो तोंडावर आपटला. त्याचेच गाववाले हसले.

"उठा साहेब, बोटं शाबूत आहेत ना?" लूशस म्हणाला.

त्या भागातून आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही. संघ मोडला. लूशसला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.

टटल १९५१च्या हिवाळ्यात मेला. लूशस १९६८च्या मार्चमध्ये गेला.