काटे मिटलेली आत्या

मित्रांनो, मी पेंढा भरलेलं एक जुनं साळिंदर आहे. जातीनं मादी, म्हणून बोलताना 'मी आले, मी गेले' असंच म्हणेन. आत्ता मी एका अंगणाच्या कडेला, जुन्या चादरीवर पडले आहे. शेजारी माझ्यासाठी खड्डा खणणं चालू आहे. जमीन कोरडी आहे आणि खणणारीला सवय नाही, त्यामुळे वेळ लागेल. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेते. मला घाई नाही. इतकी वर्षं उभी राहून मी एवढी दमले आहे, की आडवं व्हायला मिळालं हेच पुष्कळ झालं.

माझं जिवंतपणीचं आयुष्य सांगण्यासारखं फार नाही. एक बीळ होतं, एक बहीण होती, खायला कंदमुळं होती. एकदा रस्ता ओलांडताना डोळ्यांवर उजेड आला. आमच्या जातीला भीती वाटली की आम्ही पाठ फिरवतो आणि काटे उभे करतो. मीही तेच केलं. समोर बिबट्या असता तर त्यानं दोनदा विचार केला असता. ट्रकला विचार करायची सवय नसते.

तिथून मी पोत्यात गेले, पोत्यातून गावच्या वस्तुसंग्रहालयाच्या कारागिराकडे. मेलेल्या जनावरांत पेंढा भरून ती काचेच्या कपाटात उभी करणं हे त्याचं काम. नोकरी नवी होती आणि घरातल्याच पुढच्या खोलीत त्यानं कामाचं टेबल मांडलं होतं. त्यानं पोतं सोडलं, आत पाहिलं आणि खुर्ची ओढून खाली बसला.

"काय आलंय?" आतून त्याच्या बायकोनं विचारलं.

"आत्या आली," तो म्हणाला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

हे तुम्हांला समजावून सांगायला हवं. काही घराण्यांचं एखाद्या जनावराशी नातं असतं. त्याच्या घराण्याचं आमच्याशी होतं. फार पूर्वी दुष्काळात त्यांच्या घरची एक मुलगी कंद शोधत बिळात शिरली ती परत आलीच नाही; तिच्या जागी एक साळिंदर बाहेर आलं, असं त्यांचे वाडवडील सांगत. तेव्हापासून प्रत्येक साळिंदर त्यांची आत्या. लोकांची आत्या सुट्टीत येते आणि भांडून जाते. यांची रस्त्यात भेटायची. ती दिसली की थांबायचं, तिला आधी जाऊ द्यायचं. तिला मारायचं नाही, तिचा काटा घरात शोभेला ठेवायचा नाही. आणि ती मेलेली सापडली, तर घरी आणून अंगणाच्या कडेला पुरायची. त्या दिवशी घरात चूल पेटत नसे.

म्हणजे त्यानं मला पुरायला हवं होतं. पण बायकोच्या जुन्या दुखण्याला औषधं लागत होती, मुलगी लहान होती, आणि पहिलंच काम नाकारणाऱ्याला दुसरं कोण देणार? शिवाय त्यानं नाही म्हटलं असतं तर मी दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेले असते.

"परक्यानं हात लावण्यापेक्षा मी लावतो," तो बायकोला म्हणाला. "पेंढ्याचं जनावर टिकून टिकून किती टिकतं? कसर लागते, कातडं फाटतं, मग फेकून देतात. फेकलं की घरी आणू आणि रीतसर पुरू. तोवर आत्या नोकरीला गेली म्हणायचं."

"तुमच्या घरच्या बायका मेल्यावरही कामाला जुंपायच्या," बायको म्हणाली. पण त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. मुलगी बिस्किटं खाऊन झोपली.

त्यानं मला फार निगुतीनं केलं. लाकडाचा सांगाडा, तारांचे पाय, त्यावर घट्ट वळलेला पेंढा. डोळ्यांसाठी काचेचे मणी त्यानं पुन्हा पुन्हा बदलून पाहिले. शेवटी काटे राहिले. ते त्यानं पाठीवर मागे निजवले, एकावर एक, जसे आमचे बिळात असतात तसे.

संग्रहालयाचे प्रमुख मला पाहायला आले आणि खट्टू झाले. "अहो, काटे उभे हवेत. लोकांना भीती वाटायला हवी. हे झोपलेलं डुक्कर बघायला तिकीट कोण काढेल?"

"साहेब, घरच्या माणसांसमोर कुणी काटे उभारतं का?" कारागीर म्हणाला.

साहेबांना ते कळलं नाही, पण उद्‌घाटन तोंडावर आलं होतं. मी काटे मिटूनच कपाटात गेले.

मित्रांनो, सुरुवातीची वर्षं बरी गेली. माझ्या दालनात एक अस्वल होतं, एक लांडगा, एक बगळा आणि एक कासव. लोकांना वाटतं पेंढ्याची जनावरं काही बघत नाहीत. आम्हांला दुसरं कामच नव्हतं. एकदा दूरदेशीचा एक खलाशी आला. सगळ्या कपाटांवरून भरभर नजर फिरवत अस्वलापाशी पोचला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. त्यांच्याकडे अस्वलाला आजोबा म्हणतात, असं त्यानं पहारेकऱ्याला सांगितलं. एक बाई नेहमी बगळ्याला डोळ्यांनीच खुशाली विचारून जायची. तिच्या माहेरी बगळ्यावर कुणी दगड उचलत नसे. आणि छातीवर लांडगा छापलेले बनियन घातलेली खेळाडू मुलं लांडग्यासमोर दात विचकून फोटो काढायची. त्यांचंही काहीतरी नातं असावं, फक्त त्यांना कुणी ते सांगितलेलं नव्हतं.

आमची निगा राखायला कारागीर आठवड्याला यायचा, बरोबर मुलीला आणायचा. कपाट उघडलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आत्या, घरी सगळं ठीक." मग ब्रशनं धूळ झाडताझाडता तो बाकीचं सांगे. बायकोचं दुखणं बरं झालं. छप्पर गळतंय. मुलगी गणितात नापास झाली. "हे सांगायची काय गरज होती?" मुलगी पुटपुटायची. "आत्यापासून लपतं का काही?" तो म्हणायचा.

एकदा तिनं विचारलं, "बाबा, आपण एकच जनावर का मानायचं? सगळी का नाही?"

"एका घराला सगळी झेपत नाहीत. माझी आजी म्हणायची, दर घरानं एकेक आपलं मानलं, तर मारायला उरेल कोण?"

मुलीनं विचार केला. "झुरळं."

"झुरळांचंही एखादं घर असेल. गरीब असेल, पण असेल."

अशी वर्षं गेली आणि त्याची पंचाईत त्याच्या लक्षात येत गेली. मी टिकत होते. बगळ्याची पिसं झडली, कासवाची मान गळली, लांडग्याला कसर लागून तो फेकला गेला. मला काही होईना. त्यानं शिवण इतकी पक्की घातली होती, पेंढा इतका कोरडा भरला होता, की मला मोडायला कारणच सापडत नव्हतं. त्याचं काम फार चांगलं झालं होतं, एवढीच त्याची चूक. एकदा माझ्या पोटापाशी कसर दिसली. कीड मारायचं औषध हातात घेऊन तो बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला. लावलं नाही तर वर्षा-दोन वर्षांत मी घरी गेले असते. ती त्याला मी दिलेली संधी होती म्हणा. त्यानं सुस्कारा सोडला आणि औषध लावलं. हाताला वाईट काम करता येईना.

"आत्या, अजून थोडे दिवस," तो म्हणाला. त्याचे केस तेव्हा पांढरे झाले होते.

मग तो निवृत्त झाला, आणि नवे प्रमुख आले. दालनात गर्दी व्हावी म्हणून त्यांनी बाहेरून एक माणूस बोलावला. त्यानं माझं कातडं ओलं करून काटे उचलले, खालून तारा ओवल्या आणि प्रत्येक काटा ताठ उभा केला. ओठ वर ओढून दात दाखवले. कपाटाला लाल दिवा लावला. मुलं किंचाळायची, हसायची. कपाटाचं कुलूप सैल होतं, तेव्हा काही काटे त्यांच्या खिशांतूनही गेले.

तुम्ही कधी खूप वेळ रागावून पाहिलंय का? माणसाचा राग जेवायच्या वेळेपर्यंत ओसरतो. मला तो उतरवायची सोय नव्हती. तोही माझा नव्हता, दुसऱ्यानं तारेनं बांधलेला. सकाळी दिवा लागे, मी रागावलेली. दिवा विझे, मी रागावलेली. इतकी वर्षं उभी राहिले त्याचा शीण एकीकडे आणि या रागाचा एकीकडे.

कारागीर काठी टेकत एकदा भेटायला आला. मुलगी बरोबर होती. आता ती जुन्या खुर्च्या-सोफ्यांत काथ्या भरायचं काम करत असे. "तुझी जनावरं बरी, चार पाय असून चावत नाहीत," असं तो तिला येतायेता चिडवत होता. माझ्यासमोर आल्यावर तो बाकावर बसला.

"आत्या, कुणावर रागावलीस?" त्यानं विचारलं. उठताना मुलीला एवढंच म्हणाला, "पोरी, हिला अशी मातीत जाऊ देऊ नको."

त्यानंतर तो आला नाही.

ज्या माणसानं माझे काटे उभे केले, त्यानंच मला सोडवलं म्हणायचं. त्याच्या तारांनी कातडं उसवलं, ओल आत राहिली, कसरीला फावलं. यंदा दालन रिकामं करून खराब झालेली जनावरं जाळायचं ठरलं. बातमी कळल्यावर मुलगी आली. एकटी. कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "आत्या, घरी..." आणि पुढचं वाक्य तिला आलं नाही. ती कार्यालयात गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"वस्तू अशा कुणालाही देता येत नाहीत," प्रमुख म्हणत होते. "कसर लागलेलं जनावर हवंय कशाला तुम्हांला?"

"पुरायला."

"आणि तुमचा त्याच्याशी संबंध काय?"

"आत्या लागते."

प्रमुख हसले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण हसणं मध्येच थांबलं. ते म्हणाले, "मागच्या दारानं न्या. कुणी विचारलं तर कचरा म्हणा."

"आत्या म्हणेन," ती म्हणाली.

काल तिनं मला त्याच पुढच्या खोलीत, बापाच्या टेबलावर ठेवलं. सोफ्याच्या कामाची पक्कड घेऊन एकेक तार कापली. ओलं फडकं पाठीवर ठेवलं, कातडं मऊ होऊ दिलं आणि उरलेले काटे तळहातानं मागे निजवले. ओठ खाली ओढला. किती काळानंतर मी कुणावर रागावलेली नव्हते.

आता खड्डा होत आलेला दिसतो. पायरीवर तिची आई बसली आहे.

"खोल खण. कुत्री उकरतील."

"खणते आहे, आई."

"आणि चहासुद्धा नाही का आज?"

"चूल नाही म्हणजे चहा नाही."

"तुझ्या बापाच्या घराण्यानं मला आयुष्यभर उपाशी ठेवलं," म्हातारी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

मित्रांनो, जाताजाता एक मागणं आहे. कुठलंही एक जनावर आपलं माना. त्याला मावशी म्हणा, काका म्हणा, काहीही म्हणा, पण एकदा म्हटलं की फिरवू नका. रस्त्यावर एखादं पाठ फिरवून काटे उभे करताना दिसलं, तर ते रागावलेलं नाही, घाबरलेलं आहे. दिवा मंद करा आणि त्याला आधी जाऊ द्या. आणि मेलेल्याच्या अंगावर आपला राग उभा करू नका. तो उतरवायला त्याला हात नसतात.

तिनं मला उचललं आणि खाली ठेवलं, बिळात निजतात तशी कुशीवर. पहिली मूठ टाकण्याआधी ती गुडघ्यांवर बसली.

"आत्या, घरी सगळं ठीक नाही," ती म्हणाली. "बाबा गेले."

मुलीनं हे एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं असावं, कारण म्हटल्यावर ती तशीच बसून राहिली, ओंजळीत माती घेऊन.

मी ऐकलं. आत्यापासून लपतं का काही?

मग माती आली. ती थंड होती, आणि काटे मिटूनच मी ती अंगावर घेतली.