वाळूचा हात

शाळेची घंटा व्हायच्या आधीच दवाखान्यासमोरची रांग कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत पोचलेली असायची. काठी टेकत आलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, कामावर जाता जाता थांबलेले कारकून, सगळे माना उंचावून आत बघत असायचे. दवाखाना म्हणायचा तो केवळ सवयीनं. डॉक्टरीणबाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आली ती प्रकृती तपासणारी निळी पेटी. मंत्रीसाहेबांनी फीत कापली आणि टीव्ही चॅनलवाली कॅमेऱ्यासमोर किंचाळली, "सुई नाही, गोळी नाही, डॉक्टरसुद्धा नाही!" डॉक्टर नसणं ही सोय असते, हे शहराला त्या दिवशी कळलं.

पेटीशेजारी यंत्रवाला उभा असे. अंगात पांढराशुभ्र कोट. परवापरवापर्यंत हाच गडी चौकात मोबाइलची कव्हरं विकत होता.

"हात काचेवर! डोळे बंद! मनात शंका आणायची नाही हं, शंका आली की लहरी बिघडतात!"

"कसल्या रे लहरी?" एका आजींनी विचारलं.

"उपग्रहाच्या, आजी! तो वरून थेट तुमच्या रक्तात डोकावतो."

"मग त्याला म्हणावं, गुडघ्यात पण डोकाव बाबा."

रांग हसली. आजींनी हात ठेवला, हिरवा दिवा लागला आणि पेटीतून साहेबांचा मधाळ आवाज आला, "नमस्कार! आपली प्रकृती उत्तम आहे. आनंदी राहा." आजींनी पेटीला हात जोडले. गुडघा धरूनच त्या पायरी उतरल्या.

रांगेतल्या लोकांत विज्ञानाच्या बाईंचे बाबा रोज असायचे. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, बोलायला एकदम खमके. बाई शाळेला निघायच्या तेव्हा ते चपला घालत असायचे आणि संध्याकाळी विचारलं की ठरलेलं उत्तर, "उत्तम आहे म्हणाली." पेटीच्या भरवशावर त्यांनी हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. बाईंनी समजावलं, चिडून पाहिलं, अबोलाही धरला. बाबा ढिम्म हलले नाहीत.

"तुझ्या शाळेतलं यंत्र खरं बोलतं, आणि सरकारचं खोटं?" ते म्हणायचे.

एके सकाळी त्यांच्या पायात चपलाच जाईनात. रात्रभर ते खुर्चीत बसून होते, आडवं झालं की दम लागत होता. बाईंनी गुडघ्यावर बसून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. भरून यायचं नाव घेईना. पायात पाणी साठलं होतं.

"बाबा, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात चला."

"आधी पेटीला विचारू. ती नाही म्हणाली तर येतो."

"बरं," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या आधी माझा नंबर."

वाटेत त्यांनी रिक्षा शाळेपाशी थांबवली. प्रयोगशाळेतला एक रबरी हातमोजा घेतला, त्यात मूठ मूठ वाळू भरली, मनगटापाशी दोऱ्यानं करकचून बांधला आणि पिशवीत टाकला.

दवाखान्यात त्या दिवशी चॅनलवालीही आली होती. साहेबांचं भाषण व्हायचं होतं, 'आपलं शहर, शंभर टक्के निरोगी शहर'. पेटीनं जितक्यांना उत्तम म्हटलं, तितके निरोगी, असा तो हिशेब. जिथे डॉक्टरीणबाईंची खुर्ची होती तिथे आता साहेबांचा उभा फोटो होता. वजनाचा काटा कोपऱ्यात पडला होता, आणि त्याच्यावर हारांची परडी.

बाईंचा नंबर आला. "हात काचेवर, ताई! मनात शंका नको!"

"शंका अजिबात नाही," असं म्हणून बाईंनी पिशवीतून वाळूचा हात काढला आणि काचेवर ठेवला.

हिरवा दिवा लागला. "नमस्कार! आपली प्रकृती उत्तम आहे. नाडी अगदी नियमित आहे. रोज थोडं चाला."

मग सगळ्यात आधी गुडघेवाल्या आजी हसल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळी खोली.

"ताई, हे बरोबर नाही!" यंत्रवाल्याच्या कपाळावर घाम आला. "तुमच्या शंकेमुळे लहरी..."

"वाळूला रक्त कुठलं? मग तुमचा उपग्रह डोकावला कशात?"

तो हातमोजा ओढायला धावला. ओढाओढीत काच निखळली. खाली ना तार ना भिंग, दाराच्या घंटेला असतं तसलं एक बटण होतं. बाईंनी ते बोटानं दाबलं. "आपली प्रकृती उत्तम आहे." पुन्हा दाबलं. "आनंदी राहा." कशानंही दाबा, दिवा हिरवाच. लाल दिवा पेटीत बसवलेलाच नव्हता.

"बघा," बाई लोकांकडे वळल्या. "जे यंत्र कधी 'नाही' म्हणूच शकत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ? बुवाच्या अंगाऱ्याला हसतो ना आपण? मग दिवा लागला आणि टीव्हीवर दिसलं, की आपली अक्कल कुठे जाते?"

हसू विरलं. एका माणसानं खिशातून औषधाची जुनी चिठ्ठी काढली आणि नुसता तिच्याकडे बघत राहिला. चॅनलवालीनं कॅमेरा केव्हाच बंद करायला लावला होता.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. रिक्षात बसल्यावर बाई म्हणाल्या, "आता तरी पटलं?"

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," बाबा हळूच म्हणाले. "ज्या गाडीचा काटा कधीच हलत नाही, त्या गाडीचा काटा मेलेला असतो. इतकी वर्षं बस चालवली मी."

"मग का जात होता? गोळ्या का सोडल्या?"

"गोळ्या संपल्या होत्या. लिहून द्यायला डॉक्टर नाही. मोठा दवाखाना शहराच्या त्या टोकाला, तुला रजा काढावी लागली असती. आणि खरं कळून करायचं काय होतं? निदान ती पेटी रोज नमस्कार तरी करायची."

बाईंना रडू आवरलं नाही. इतके दिवस त्या पेटीशी भांडत होत्या आणि गोळ्यांचा डबा एकदाही उघडून पाहिला नव्हता.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली. "पाणी भरलंय. वाचतील. पण आधी आणायला हवं होतं." बाबा वाचले. मात्र आता जिना चढवत नाही, त्यांची खाट खाली, पुढच्या खोलीत आली आहे.

चॅनलनं वाळूच्या हाताचं चित्र दाखवलंच नाही. 'सरकारी यंत्राची मोडतोड' एवढीच बातमी आली, आणि बाईंना शाळेत नोटीस. पंधरवड्यात नवी पेटी बसली. तिला म्हणे वाळू चालत नाही, हात गरम लागतो. म्हणते मात्र उत्तमच.

रांग पुन्हा लागली आहे, थोडी आखूड. बाबा सकाळी रिक्षानं येतात, पायरीशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याला आपला पाय दाखवतात. "आधी अंगठा दाबून बघ. खळगा राहिला तर आत जाऊन उपयोग नाही, डॉक्टर गाठ."

काल एका मुलीनं तिथेच उकिडवं बसून आपल्या आईच्या पायावर अंगठा दाबला. खळगा राहिला. ती उठून आत गेली.

"हात काचेवर, ताई," यंत्रवाला म्हणाला.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"हात ठेवा ना आधी, डोळे बंद..."

"डोळे उघडेच राहणार. डॉक्टर कुठे आहेत ते सांगा."

मागून गुडघेवाल्या आजी पुढे सरकल्या आणि त्यांनीही तेच विचारलं.